हौशी वाहन-सजावटीसाठी विनाइल कटर : तपशीलपत्रक वाचताना



या टिपणात आपण एका यंत्राची समीक्षा करणार आहोत, आणि त्याहून जास्त त्या यंत्रासोबत येणाऱ्या तपशीलपत्रकाची. यंत्र आहे विनाइल कटर. मोटरसायकलच्या टाकीवरचे पट्टे, हेल्मेटवरचे नाव, रिक्षाच्या मागच्या काचेवरची अक्षरे, स्पर्धेतल्या गाडीचा क्रमांक, हे सगळे ज्या रंगीत चिकट पापुद्र्यातून कापले जाते ते विनाइल, आणि कापणारे यंत्र म्हणजे कटर. महाराष्ट्रात या कामाच्या दुकानदाराला अजूनही ‘रेडियमवाला’ म्हणतात, जरी त्याच्याकडे रेडियम हे मूलद्रव्य औषधालाही सापडायचे नाही. तुम्ही इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगावात शिकत असाल तर पाटीवरचे नाव वेगळे असेल, काम तेच.

हा विषय घेण्याचे कारण असे की दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे यंत्राची माहितीपत्रके घेऊन येतात. कोणाला स्पर्धेच्या गाडीसाठी यंत्र हवे असते, कोणाला मित्रांच्या गाड्या सजवून थोडे पैसे मिळवायचे असतात. घरचे पैसे असतात, किंवा वर्गणी. प्रश्न एकच असतो: “सर, यातले कुठले घेऊ?” आणि माहितीपत्रकावर बोट ठेवलेले असते ते सर्वांत मोठ्या आकड्यावर.

माझी चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांच्या चमूने बाहा स्पर्धेसाठी गाडी बांधली. क्रमांक आणि प्रायोजकांची नावे स्वतःच कापायची असे ठरले, वर्गणी जमली, तीन कोटेशने आली. मी सवयीप्रमाणे तुलनात्मक तक्ता केला: कापण्याचा दाब, वेग, रुंदी, रिझोल्यूशन, किंमत. ज्या यंत्राचे आकडे सर्वांत मोठे आणि किंमत सर्वांत कमी, ते निवडले. तक्त्याखाली सही माझी आहे.

गाडी पिथमपूरला रवाना होण्याच्या आदल्या संध्याकाळी क्रमांक कापायला घेतला. काळ्या कडेचा पांढरा आकडा, म्हणजे खाली काळ्या विनाइलचा थोडा मोठा आकडा आणि त्यावर पांढरा. कड सगळीकडे ३ मिमी हवी होती. प्रत्यक्षात एका बाजूला जेमतेम २ आणि दुसऱ्या बाजूला ४ मिमी दिसू लागली. ८ या आकड्याच्या गोलाईला बारीक करवतीसारखे दाते आले होते, आणि ब्लेड जिथून निघाले तिथे परत पोचलेच नव्हते, त्यामुळे सोलताना तो कोपरा फाटत होता. रात्री नऊ वाजता मुले गावातल्या रेडियमवाल्याकडे गेली. त्याने जुन्या, रंग उडालेल्या यंत्रावर वीस मिनिटांत सगळे कापून दिले. दुसऱ्या दिवशी मी पैसे द्यायला गेलो तेव्हा तो म्हणाला, “सर, ग्रॅम बघून मशीन घेतलं का?” त्याच्या यंत्राचा दाब आमच्या यंत्रापेक्षा कमी होता. वेगही कमी.

माझ्या तक्त्यातला प्रत्येक आकडा माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला होता. तरी निवड चुकली. ती का चुकली, हे समजण्यासाठी यंत्र काय करते ते आधी थोडक्यात पाहू.

यंत्र नेमके काय करते

विनाइलचा रोल दोन गोष्टींमध्ये दाबून धरलेला असतो: खाली खरखरीत पृष्ठभागाचा दंड, वर रबरी पिंच रोलर. दंड फिरला की विनाइल पुढे-मागे सरकते. ही झाली एक दिशा. दुसऱ्या दिशेत ब्लेडची गाडी पट्ट्यावर डावी-उजवीकडे धावते. म्हणजे एका अक्षावर यंत्राचा भाग हलतो आणि दुसऱ्या अक्षावर चक्क कच्चा माल हलतो. हा फरक नीट लक्षात ठेवा. गाडी रुळावर आहे, तिला वाट सोडता येत नाही. विनाइल मात्र केवळ घर्षणाच्या भरवशावर आहे.

ब्लेडही मोटरने फिरत नाही. ते आपल्या होल्डरमध्ये बेअरिंगवर मोकळे फिरते, आणि त्याचे टोक फिरण्याच्या अक्षापासून किंचित बाजूला, साधारण पाव मिलिमीटरवर, असते. खुर्चीच्या चाकासारखे ते आपोआप जायच्या दिशेला वळते. या अंतराला ऑफसेट म्हणतात. यंत्राला वा सॉफ्टवेअरला तो खरा सांगितला नाही तर चौकोनाचे कोपरे गोल होतात किंवा त्यांना शेपट्या फुटतात. नवशिक्यांच्या बऱ्याच तक्रारी इथल्या असतात आणि त्यात यंत्राचा काही दोष नसतो. तसेच ब्लेडच्या बाहेर आलेल्या लांबीचे. कापायचे असते ते फक्त विनाइल आणि त्याखालचा गोंद, दोन्ही मिळून मिलिमीटरचा दहावा भाग. मागच्या कागदावर नुसता ओरखडा उमटला पाहिजे. ब्लेड दोन मिलिमीटर बाहेर काढून वर दाब वाढवणे म्हणजे टोमॅटो कापायला कोयता काढणे.

आता तक्त्यातल्या ओळी एकेक करून तपासू.

दाबाचा आकडा

स्वस्त यंत्रांच्या जाहिरातीत ५०० ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त, असा दाब ठळक छापलेला असतो. आता रोलँडचे जीएस-२४ घ्या. पाटी रंगवणाऱ्या व्यवसायात या वर्गातल्या यंत्रांना मान आहे, आणि त्याचा छापील कमाल दाब ३५० ग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ३.४ न्यूटन. वेग सेकंदाला ५०० मिमी. माझ्या तक्त्यात हे यंत्र दोन्ही ओळींत नापास झाले असते.

गाडीवरच्या साध्या विनाइलला किती दाब लागतो? ४५ अंशाचे नवे ब्लेड असेल तर १०० ग्रॅमच्या आसपास काम होते. प्रकाश परावर्तित करणाऱ्या जाड फिल्मला दुप्पट किंवा थोडा अधिक लागतो, आणि ती ब्लेडही लवकर बोथट करते. दगडावर वाळूचा मारा करण्यासाठी जाड रबरी मास्क कापायचा असेल तर मोठा दाब उपयोगी पडतो. हौशी वाहन-सजावटीत ते काम येत नाही. तेव्हा ३५० आणि ५०० मधला फरक तुमच्यासाठी शून्य आहे. महत्त्व आहे ते १०० ग्रॅम सांगितल्यावर रोलच्या डाव्या टोकाला आणि उजव्या टोकाला १००च मिळतात की एकीकडे ८० आणि दुसरीकडे १२०. ज्या पट्ट्यावर ब्लेड टेकते तो सपाट नसेल, गाडीला झोल असेल, तर एकीकडे विनाइल सुटणार नाही आणि दुसरीकडे कागद फाटेल. हा आकडा पत्रकावर नसतो.

वेगाचा आकडा

इथे थोडे गणित करू, कारण तुम्ही ते पहिल्या वर्षी शिकला आहात आणि खरेदीच्या वेळी विसरता. एखादे यंत्र सेकंदाला ८०० मिमी वेगाने कापते असे छापले आहे. थांबलेली गाडी त्या वेगाला पोचायला अंतर लागते: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. त्वरण दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद धरले तर हे अंतर सुमारे १०७ मिमी येते. थांबायलाही तेवढेच. म्हणजे २१३ मिमीची सरळ रेष असेल तरच मधल्या एका क्षणी तो वेग गाठला जाईल. तुमच्या अक्षराची उंची ५० मिमी असेल तर त्याच त्वरणात जास्तीत जास्त वेग सेकंदाला ३८७ मिमी होतो, तोही उभ्या सरळ दांडीवर. गोलाईवर त्याहून बराच कमी.

शिवाय काही पत्रकांत छापलेला वेग तिरप्या, ४५ अंशांच्या दिशेतला असतो. दोन्ही मोटर एकाच वेगाने चालल्या की तिरपा वेग दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे ४१ टक्क्यांनी, आपोआप फुगतो. यात खोटे काही नाही. पण एका पत्रकातला तिरपा वेग आणि दुसऱ्यातला सर्व दिशांतला वेग शेजारी-शेजारी लिहून ‘अधिक’, ‘उणे’ अशा खुणा करणारा तक्ता मात्र खोटा ठरतो. मी तसाच केला होता.

आणि घाई कशासाठी? क्रमांक कापायला तीन मिनिटे लागली काय आणि सहा लागली काय. नको असलेले विनाइल चिमट्याने सोलून काढायला अर्धा तास जातो. दुकानात त्याला ‘विडिंग’ म्हणतात. शेतातल्या निंदणीसारखेच काम, म्हणून मी वर्गात निंदणीच म्हणतो. निंदणीचा वेग यंत्राच्या पत्रकावर नसतो, पण कापाची कड स्वच्छ असेल तर ती निम्म्या वेळात होते. दातेरी असेल तर बारीक अक्षरे बोटाला चिकटून येतात.

रिझोल्यूशन आणि अचूकता

बहुतेक स्वस्त यंत्रांवर ‘०.०२५ मिमी’ असा आकडा दिसतो. हा कुठून येतो? ही यंत्रे ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या प्लॉटरसाठी तयार केलेली एचपीजीएल ही आज्ञाभाषा समजतात. पेन उचल, पेन टेकव, अमुक निर्देशांकावर जा, अशा तिच्या आज्ञा असतात. तिच्यातले मूळ एकक १ मिमीचा ४०वा भाग, म्हणजे ०.०२५ मिमी आहे. तेव्हा हा आकडा भाषेचा आहे, यंत्राने केलेल्या कामाचा नव्हे. रबराच्या फुटपट्टीवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा छापल्या म्हणून ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक मोजत नाही.

त्याच्याच खाली ‘अचूकता ±०.१ मिमी’ असते. किती लांबीवर? कोणत्या मालावर? परत मूळ जागी आल्यावर, की एकदाच जाताना? चांगल्या कंपन्यांच्या पत्रकांत अंतराची त्रुटी आणि पुनरावृत्तीची त्रुटी वेगवेगळी दिलेली असते, आणि सोबत अटी असतात: मालाचे आकुंचन-प्रसरण वगळून, ठरावीक लांबीपर्यंत, वगैरे. पत्रक वाचताना माझा आता एक ढोबळ नियम आहे. ज्या आकड्याला तळटीप आहे त्याच्यावर अधिक विश्वास ठेवायचा. ‘अटी लागू’ पाहून आपण सहसा सावध होतो. मापनाच्या बाबतीत मात्र अटी नसलेला आकडा पाहून सावध व्हायला हवे.

मापनशास्त्रातला एक जुना भेद इथे कामाला येतो. समजा यंत्र १००० मिमी सांगितल्यावर दरवेळी ९९६ मिमी कापते. ही पद्धतशीर त्रुटी. सॉफ्टवेअरमध्ये प्रमाण बदलले की ती जाते, आणि असे यंत्र वाईट नाही. पण समजा ते एकदा ९९९, एकदा १००२, एकदा ९९८ कापते. ही यादृच्छिक त्रुटी. तिला इलाज नाही, कारण पुढच्या वेळी काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते. वाहनावरच्या सजावटीत नेमकी हीच त्रुटी टोचते: काळा थर आज, पांढरा उद्या, दोन्ही एकमेकांवर बसायचे आहेत, डाव्या दाराचा पट्टा आणि उजव्या दाराचा पट्टा आरशातल्या प्रतिमेसारखे जुळायचे आहेत. भिंतीवरच्या एकरंगी पाटीत १ मिमीची चूक कोणाला दिसत नाही. दुहेरी कडेच्या क्रमांकात ती दहा पावलांवरून दिसते.

पत्रकावर नसलेल्या गोष्टी

ही यादृच्छिक त्रुटी मुख्यतः तीन ठिकाणांहून येते.

पहिली जागा मोटर. स्वस्त यंत्रांत स्टेपर मोटर असते. सर्वसाधारण स्टेपर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. मधली बारीक पावले विद्युतप्रवाह विभागून मिळवावी लागतात, आणि ते काम हलक्या दर्जाच्या चालक-मंडलाने केले की गोलाईवर दाते दिसतात. आणखी वाईट म्हणजे साध्या रचनेत स्टेपरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. आज्ञा दिली, पाऊल पडले असे गृहीत धरले. रोल जड असेल, अडकला असेल, तर पाऊल हुकते आणि पुढचे सगळे चित्र तेवढे सरकते. सर्वो मोटरला एन्कोडर असतो. ती आपली जागा सतत तपासते. तरी ‘सर्वो चांगली, स्टेपर वाईट’ असे सूत्र पाठ करू नका. नीट बांधलेले लहान स्टेपर यंत्र गबाळ्या सर्वो यंत्राहून सरस कापते. शिवाय एन्कोडरला मोटर किती फिरली हे कळते. विनाइल किती सरकले हे त्यालाही कळत नाही.

म्हणून दुसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी जागा म्हणजे माल सरकवणारी व्यवस्था. पिंच रोलर दोन्हीकडे सारख्या जोराने दाबत नसतील तर विनाइल हळूहळू तिरके जाते. रोल भरताना अर्धा अंश तिरका राहिला तर २ मीटर लांबीवर तो सुमारे १७ मिमी बाजूला सरकतो. गाडीच्या बाजूच्या पट्ट्यासाठी २ मीटर ही काही फार लांबी नाही. जड रोल यंत्राने स्वतः ओढू नये. लागेल तेवढे विनाइल आधी हाताने उलगडून सैल ठेवावे. हा उपाय फुकट आहे आणि निम्मी तक्रार घालवतो.

तिसरी जागा संगणक आणि यंत्र यांच्यातली तार. पुष्कळ स्वस्त यंत्रे यूएसबीने जोडली तरी आतून जुन्या सिरियल पोर्टसारखीच वागतात. यंत्राची स्मृती भरली की ‘थांब’ असे संगणकाला सांगण्याची व्यवस्था, म्हणजे फ्लो कंट्रोल, दोन्हीकडे सारखी ठरवलेली नसेल तर काही आज्ञा गळतात आणि ब्लेड चित्राच्या मधूनच आडवी रेघ मारून जाते. उन्हाळ्यात विनाइल उलगडताना स्थितिक विद्युतभार तयार होतो आणि अर्थिंग खराब असेल तर त्यानेही यंत्र मध्येच भान हरपते. आमच्या प्रयोगशाळेतला प्लग तीन पिनांचा होता, पण तिसऱ्या पिनेला आत तार जोडलेलीच नव्हती. हे आम्हाला तीन महिन्यांनी समजले.

पेनची परीक्षा

मग निवड कशी करायची? बहुतेक यंत्रांसोबत ब्लेडच्या जागी बसणारा पेन मिळतो किंवा बसवता येतो. विनाइल वाया न घालवता कागदावर परीक्षा घेता येते. विक्रेत्याकडे स्वतःची फाइल, स्वतःचे बारीक टोकाचे पेन आणि कागदाचा गुंडाळा घेऊन जा. पेनला ऑफसेट नसतो, म्हणून तो आधी शून्य करायला सांगा. हे ज्याला कळत नाही त्या विक्रेत्याची विक्रीनंतरची सेवा कशी असेल याचा अंदाजही त्यातच येतो.

फाइलमध्ये ५, १०, २० आणि १०० मिमी व्यासाची वर्तुळे, ३०० मिमीचा एक चौरस, आणि दीड मीटर अंतरावर दोन फुल्या ठेवा. हेच चित्र, कागद न काढता, त्याच मूळ बिंदूवरून पाच वेळा काढायला लावा. पाच रेघांची एकच रेघ दिसली तर यंत्र विश्वासू आहे. रेघ जाड झाली तर किती जाड झाली ते भिंगातून पाहा. चौरसाचे दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक ४२४.३ मिमी यायला हवा. दोघांत १ मिमीचा फरक असेल तर अक्ष काटकोनात नाहीत. दोन्ही सारखेच पण लहान-मोठे असतील तर घाबरू नका, ती प्रमाणाची चूक आहे, दुरुस्त होते. ५ मिमीचे वर्तुळ बंद होते की नाही ते पाहा. दूरच्या फुलीवर पाचही फुल्या एकमेकींवर बसतात का ते पाहा. सर्वांत जास्त यंत्रे इथेच उघडी पडतात.

विक्रेता आपलीच फाइल चालवून दाखवायचा आग्रह धरेल. त्यात बहुधा फूल किंवा घोडा असतो. घोड्याची शेपटी १ मिमी इकडेतिकडे झालेली कोणाला कळते?

मग घ्यावे काय

माझे मत स्पष्ट सांगतो. ते मत आहे, नियम नव्हे.

तुमचे काम वर्षाला चार-पाच वेळचे असेल तर यंत्र घेऊच नका. एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल नीट तयार करायला शिका, अक्षरे वक्ररेषांत रूपांतरित करा आणि रेडियमवाल्याकडून कापून घ्या. इंकस्केप हे मुक्त सॉफ्टवेअर या कामाला पुरते. दुकानात बसून निंदणी आणि ट्रान्सफर टेप लावणे पाहाल ते निराळेच.

काम टाक्या, हेल्मेट, अरुंद पट्टे इतपत असेल तर १२ इंची मेजावरचे यंत्र नव्या, स्वस्त २४ इंची यंत्रापेक्षा बरे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. विद्यार्थी रुंदीला भुलतात. पण मोटरसायकलच्या टाकीवर १२ इंचांहून रुंद अखंड तुकडा क्वचितच बसतो, आणि मोठा आकार दोन तुकड्यांत कापून थोडा एकमेकांवर चढवता येतो. सिल्हूएट कॅमिओसारखी यंत्रे बारीक गोलाई स्वच्छ कापतात. अडचण सॉफ्टवेअरची: त्यांच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी फाइल उघडत नाही, त्यासाठी पैसे भरावे लागतात, मात्र इंकस्केपमधून थेट कापण्याचे मुक्त विस्तारक उपलब्ध आहे. क्रिकट या दुसऱ्या लोकप्रिय यंत्राबाबत माझी हरकत अधिक गंभीर आहे. ते कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर आणि खात्यावर चालते. मार्च २०२१ मध्ये या कंपनीने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला २० च चित्रे चढवता येतील असे जाहीर केले होते. ग्राहकांनी गदारोळ केल्यावर निर्णय मागे घेतला. मागे घेतला हे खरे, पण पैसे देऊन घेतलेल्या यंत्राचा लगाम कोणाच्या हाती आहे हेही त्यातून दिसले.

आठवड्याला काम मिळणार असेल, तर नव्या स्वस्त यंत्राऐवजी चांगल्या कंपनीचे जुने, वापरलेले यंत्र शोधा. नव्याची किंमत लाखाच्या वर जाते. एखादे दुकान मोठे यंत्र घेते तेव्हा जुने विकायला काढते. जुने घेताना ब्लेडखालची पांढरी पट्टी, पिंच रोलरचे रबर आणि ब्लेड होल्डरचे बेअरिंग पाहा. तिन्ही झिजणाऱ्या वस्तू आहेत आणि बदलता येतात. घासून गुळगुळीत झालेला खरखरीत दंड मात्र टाळा. पेनची परीक्षा इथेही घ्याच.

छापील स्टिकरच्या कडेने कापण्यासाठी प्रकाशीय संवेदक असलेली यंत्रे जास्त पैशांत मिळतात. तुमच्याकडे छपाईयंत्र नसेल तर त्या पैशांत चांगली ब्लेड आणि चांगले विनाइल घ्या. विनाइलचा दोष यंत्रावर ढकलला जातो, म्हणून हेही सांगतो: स्वस्त कॅलेंडर्ड विनाइल गरम रोलरांमधून लाटून बनते, त्याच्यात ताण उरतो आणि उन्हात ते आकसते. कास्ट विनाइल द्रवरूपात पसरवून वाळवलेले असते. ते पातळ, साधारण ५० मायक्रॉन, आणि बाकावर, खोबणीत शांत बसते. टाकीच्या गोलाईवर कॅलेंडर्ड लावले तर महिन्याभरात कडा उचलल्या जातील, मग यंत्र कितीही भारी असो.

आणि एक कायद्याची गोष्ट, कारण पोलीस गाडी थांबवतात तेव्हा विद्यार्थी मला फोन करतात. रस्त्यावरच्या वाहनाची नंबर प्लेट विनाइलने बनवू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी उत्पादकाकडूनच येते. काचांवर काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मनाई केली आहे. गाडी पूर्ण झाकून तिचा रंगच बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा.

आमचे ते यंत्र अजून प्रयोगशाळेत आहे. ब्लेड काढून ठेवले आहे, पेन लावलेले आहे, आणि दुसऱ्या वर्षाची मुले त्यावर यादृच्छिक त्रुटी मोजण्याचा प्रयोग करतात. या वर्षीच्या चमूलाही कटर हवा आहे. मी त्यांना वर्तुळे-चौरसांची फाइल आणि ०.३ मिमीचे पेन देऊन पाठवले. दोन दुकानांतून ते काही न घेता परत आले. तिसऱ्या दुकानदाराने पेन लावू दिले नाही. गाडीचा क्रमांक सध्या त्याच रेडियमवाल्याकडे कापायला टाकला आहे.